स्रोत : इतर

देवगड बंदराच्या लिलावशेडमध्ये
थंडपेट्यांचं प्रात्यक्षिक लावलं त्या दिवशी
एकशे सत्तेचाळीस माणसं आली.
नोंदणी साठांची होती,
त्यातले आले बावीस.
पुण्याहून सोहोनी सरांनी अंगठा पाठवला,
पाठोपाठ दुसरा,
मग विचारलं, कशामुळे एवढी?

सीआरएममध्ये या प्रश्नाला एक खिडकी आहे.
बोट लावलं की खाली यादी लोंबते :
एसएमएस, पत्रक, फेसबुक, विक्रेता, जुना ग्राहक, इतर.
वारा त्यात नाही.
पहाटेच बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला होता,
एकही ट्रॉलर धक्का सोडून गेला नव्हता,
आणि पत्ते कुटून कंटाळलेल्या माणसांसाठी
आमच्याकडे चहा होता, कांदाभजी होती.
मी इतर निवडलं.
एकशे पंचवीस वेळा.

रात्री यंत्राने आपणहून एक काम केलं.
'रवळनाथ कृपा'वरच्या अकरा खलाशांनी
तांडेलाचाच मोबाइल नंबर दिला होता.
अकरा नोंदी एकसारख्या, एकत्र केल्या,
असा निरोप सकाळी पडद्यावर.
उरला होता एकच माणूस :
नाव तांडेलाचं, वय सर्वांत धाकट्या पोराचं, एकोणीस,
गाव नेपाळातलं कुठलंसं,
व्यवसायाच्या रकान्यात फक्त 'जाळी'.
असा माणूस कुठल्याच समुद्रावर नसेल.

मी त्यांना सोडवत बसले,
जाळ्यातून खेकडा सोडवावा तसं, नांगी सांभाळत,
एकेक.
दहा सुटले.
अकराव्याचं नाव कागदावर माझ्याच अक्षरात होतं
आणि मला ते वाचता येईना.

जैतून सोलकर या एकशे सत्तेचाळीसांत नाहीत.
टोपली खाली ठेवून त्या आल्या,
मी कागद पुढे केला तर म्हणाल्या,
"नाव लिवन काय मासळी गावतली?"
मग नमुन्याच्या पेटीवर बसल्या,
बसल्या बसल्या दोनदा उसळल्या.
"मी बसलंय तर मोडतली काय गो?"
नाही मोडली.
किंमत न विचारता टोपली उचलून गेल्या.

सव्विसाव्या दिवशी त्यांनी दुकानातून
चार पेट्या घेतल्या, रोख.
कार्यक्रमाचं श्रेय एकवीस दिवसच चालतं,
म्हणून त्या चार पेट्या 'थेट ग्राहक' खाली गेल्या,
आणि अहवालात आमच्या नावापुढे
विक्री : शून्य,
प्रत्येक चौकशीमागे खर्च : दोनशे चौदा रुपये.

मी सरांना फोन लावला.
ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत.
म्हणाले, कुठेतरी रेघ मारावीच लागते ना.
लागते.
भरतीची रेघ रोज निराळी असते,
तरी घर बांधणारा एक धरूनच चालतो.
मला पटलं,
आणि फोन ठेवल्यावर
मी चार पेट्यांकडे परत एकदा पाहून घेतलं.

एक सांगायचं राहिलं.
बर्फ चार दिवस टिकतो असं आम्ही बोललो होतो,
म्हणून एक पेटी भरून, कुलूप लावून
शेडमध्येच ठेवली होती.
पाचव्या सकाळी ती उघडली तेव्हा
भजीवाले सगळे समुद्रावर गेलेले.
साक्षीला वॉचमन दाजी तारी, मी, आणि एक मांजर
जिला वाटलं आत पापलेट असेल.
पट्टी आणायची मी विसरले होते.
दाजींनी बर्फाला हात आडवा लावला.
"चार बोटां आसा अजून."

शेरा म्हणून तसंच लिहिलं.
रकाना फक्त आकडा घेतो.
चार लिहिलं, त्याने घेतलं.
एकक आधीच छापलेलं आहे, सेंटिमीटर.

दाजींची बोटं जाड आहेत.